दुर्बिणीची बैठक

शुक्रवार, ९ नोव्हेंबर १९४५

आज सोलापूरच्या मोटारीनं आलं ते:
जुनी दुर्बीण एक, लष्करी लिलावातली, कातडी नळकांड्यासह: इंग्रजी कलदार ४५, म्हणजे आमच्या निझामी हाली ५२ रु. ८ आणे.
नाक्यावर करोडगिरीची जकात: २ रु. १० आणे.
मोटारवाल्याला पार्सलाचे: ६ आणे.
कापूर पावशेर: ईरण्णाकडून, पूजेसाठी भेट.
एकूण हाली ५५ रु. ८ आणे.

एवढ्यात घरचं वर्षाचं तेल-मीठ येतं. तरी मी कुरकुर केली नाही, कारण ही चैनीची वस्तू नव्हे. आश्विनात त्या लंगड्या लांडगिणीनं बिराप्पा धनगराची दीड वर्षाची नात मेंढरांच्या वाडग्यातून ओढून नेली. कुत्र्यांनी दहा हातांवर सोडवली म्हणून पोरगी जगली, पण गाल फाटला तो फाटलाच. बिराप्पाची मेंढरं आमच्याच रानात बसतात, त्यांच्या लेंड्यांवर आमची ज्वारी पिकते, आणि गावात रायफल एकट्या आमच्या घरात. म्हणून सगळं गाव ह्यांच्या तोंडाकडं बघतं. ह्यांनी तीनदा गोळी झाडली, तिन्ही वाया गेल्या. लांडगीण दोनशे पावलांच्या आत येतच नाही. हे म्हणाले, "साध्या डोळ्यानं एवढ्या लांबचं कुणाला साधतंय?" खरंच आहे. मामंजींच्या हातून मात्र ही रायफल कधी चुकली नाही, असं लोक अजून ह्यांच्यादेखत म्हणतात, आणि हे सुपारी कातरत राहतात.

ईरण्णाचं पत्र दुर्बिणीबरोबर होतं. धाकटा भाऊ असून सगळं नीट समजावून लिहितो. दुर्बीण नुसती रायफलीवर ठेवून भागत नाही. तिला धरायला दोन कड्या आणि खाली पट्टी, अशी बैठक लागते, आणि ती लिलावात मिळाली नाही. आमची रायफल जुन्या जर्मन घडणीची. गोळी भरायला दांडा सरळ वर उचलावा लागतो. मधोमध दुर्बीण बसवली तर दांडा तिच्यावर आपटेल. म्हणून बैठक डाव्या अंगाला हवी. नळीच्या मागं डावीकडं जुनी दोन भोकं आहेत, तिथं स्क्रू बसतील. पुण्याची एक बंदुकांची पेढी माप कळवलं की तशी बैठक घडवून देते. "पण ताई," त्यानं लिहिलंय, "त्यांना इंग्रजीत लिहावं लागेल."

म्हणजे मीच. ह्या घरात उर्दू ह्यांना येतं, इंग्रजी एकट्या मला. देवा शिवा, सोलापूरला माझ्याकडून मॅट्रिक करवून घेतलीस ती ह्यासाठी, असं वाटलं नव्हतं.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

आज मापं घेतली.

रायफलीला मी हात लावत नाही. मामंजींनी ती आणली तेव्हा मठाच्या स्वामींनी घालून दिलं होतं: राखणीपुरती ठेवा, मारलेलं घरात आणू नका, आणि घरातल्या बायकांनी तिला शिवू नये. ज्या तळहातावर रोज इष्टलिंग घेऊन पूजा करायची, त्या हाताला ते लोखंड नको. सासूबाईंनी पाळलं, तेरा वर्षं मी पाळते. लिंग पुरुषांच्याही गळ्यात असतं, मग त्यांना ही अट का नाही, ते मी विचारलेलं नाही.

म्हणून मी उंबऱ्याच्या आत वही घेऊन, आणि हे बाहेर सोप्यात रायफल मांडीवर घेऊन. माझी शिवणाची टेप त्यांच्या हातात. ते आकडा सांगायचे, मी लिहायची. किती जपून मोजतात! टेपेवर अंगठ्याचं नख टेकवून, जपमाळ ओढावी तसे एकेक इंच पुढं सरकतात. मी असते तर एका नजरेत मोकळी झाले असते, आणि चुकलेही असते.

दुर्बिणीची नळी, आडवी: एक इंच.
दोन भोकांमधलं अंतर: पावणेचार इंच.
दांडा उचलल्यावर वर येतो तो: दोन इंच.

सासूबाई आतून म्हणाल्या, "लेकराच्या कुंचीचं माप कुणी एवढा येळ घेतलं न्हाय बाई."

"आई, कुंची सैल झाली तर लेकरू मरत न्हाय," हे म्हणाले. मग सासूबाई हसल्या, हेही हसले. आश्विनापासून हे पहिल्यांदा हसले.

रात्रीच्या आत इंग्रजी पत्र तयार केलं, नक्कल ठेवली.

शनिवार, १ डिसेंबर

बैठक आली. बसली नाही.

दुर्बीण कड्यांत खुळखुळते, डब्यात सुपारी हलावी तशी. पट्टीचं पुढचं भोक रायफलीच्या भोकावर आलं, मागचं अर्धा इंच सरकलं. ह्यांनी पट्टी रागानं सोप्यावर टाकली. "पुण्याच्या पेढीला इंच कळत न्हाय?"

मी नक्कल काढून पाहिली. एक इंच, स्पष्ट अक्षरात. पावणेचारही बरोबर. पेढीनं पट्टीवर आपल्या हातानं आकडे कोरलेत, तेही तेच. मग चूक कुठं, ते समजत नाही. माझ्या इंग्रजीत काही राहिलं असेल तर सोमवारी एकदाच जेवीन.

हे म्हणतात दुर्बीणही चांगली नाही, आत धूर आहे. "तुझा भाऊ फसला." ईरण्णा एवढ्यातेवढ्यात फसणारा नाही. गिरणीत कारकून आहे, आमची दोन्ही पोरं शाळेसाठी त्याच्याकडं आहेत, त्यांचा महिन्याचा खर्च पैपर्यंत लिहून पाठवतो. पण लष्करी लिलावात कोण काय विकेल कुणी सांगावं.

आज आणखी एक झालं. देवापुढच्या समईत तेल घालताना ह्यांनी अर्धं तेल खाली सांडलं. चित्त ठिकाणावर नाही त्यांचं. लांडगिणीनं माणसाचं मनही खाल्लं.

रविवार, ९ डिसेंबर

पेढीचं उत्तर आलं. सभ्य आहेत. लिहितात, आम्ही तुमच्या मापाप्रमाणेच घडवलं. कृपा करून चांगल्या उजेडात पुन्हा माप घ्यावं, पट्टी बदलून देऊ.

"उजेडाला काय झालंय?" हे एकदम ओरडले. मी घाबरले. टेप घेऊन हे पुन्हा बसले मात्र. ह्या खेपेला भोकांतलं अंतर सव्वाचार निघालं.

मी म्हटलं, "मागं पावणेचार होतं."

"थंडी पडलीय. लोखंडाला फरक पडतो."

थंडीनं लोखंड आखडतं असं मी शाळेत शिकले. वाढतं असं नाही, आणि अर्धा इंच तर नाहीच. पण शाळा सुटून तेरा वर्षं झाली, आणि रायफल त्यांच्या मांडीवर होती, माझ्या नव्हे. सव्वाचार लिहिलं. नळी पुन्हा एक इंच.

माप चालू असतानाच बिराप्पा आला. काल दोन कोकरं गेली. पायरीवर बसून घोंगडीत हात लपवून म्हणाला, "गुरुलिंगप्पा पाटील, नवरी महिन्यापास्नं कातड्याच्या पिशवीत बसून हाय. नवरदेव येतो आन् मापात बसंना म्हणून माघारी जातो. लगीन कवा लागायचं?"

"लागंल."

"लागू द्या. न्हायतर आमी बार्शीकडं सरकताव. म्या म्हातारा झालो, पर माझ्या लेकीच्या, अयोध्याच्या, पोरीचा दुसरा गालबी देऊ व्हय त्या रांडंला?"

ह्यांनी कातरलेली सुपारी उचलली. बिराप्पाला सुपारी द्यायला हात पुढं केला, तो बिराप्पाच्या हाताच्या बाजूनं गेला. बिराप्पानं आपला हात सरकवून घेतला.

बुधवार, १२ डिसेंबर

लिहिण्यासारखं नाही, पण चांगलं झालं म्हणून लिहिते. आठ-दहा दिवस हे वर्तमानपत्र मला मोठ्यानं वाचायला सांगतात. दुपारी मी वाचते, हे भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकतात. आज तहसिलीतून आलेला उर्दू कागदही, "तू वाचायला शीक, कामाला येईल," म्हणाले. लग्नाला तेरा वर्षं झाली. माझं वाचणं त्यांना आता कुठं आवडू लागलं.

शनिवार, २९ डिसेंबर

दुसरी बैठक आली. पहिलीपेक्षा वाईट. मागचं भोक आता पूर्ण इंचभर सरकलं.

मला रडू आलं. दोन खेपांचं टपाल, पट्टीचे पैसे, आणि बिराप्पाची आणखी तीन मेंढरं. पुण्याचे लोक आपल्याला निझामाच्या मुलखातले अडाणी समजून काहीही पाठवतात, असं मी बोलून गेले.

दुपारी श्रीमंत आला. आमच्याच गावचा, लढाईवर होता, दोन महिन्यांपूर्वी परत आला. त्यानं बैठक उलटसुलट पाहिली, कड्यांच्या आत कातड्याच्या पट्ट्या घातल्या, मागचा स्क्रू सोडून तिथं तार आवळली. "वैनी, इटलीत आमी तुटकी मोटार तारंनं बांधून चाळीस मैल आणली हाय. ही तर अर्ध्या शेराची दुर्बीण."

ओढ्यापलीकडं फुटकं मडकं ठेवून त्यानं एक गोळी झाडली. मडकं गेलं. "एक नंबर दुर्बीण हाय पाटील. मडक्याची चीर दिसली मला."

मग ह्यांनी पाहिलं. बराच वेळ. "धूर हाय," म्हणाले.

श्रीमंत दुर्बिणीकडं नाही, ह्यांच्याकडं पाहत राहिला. जाताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाला, "वैनी, घाई करू नका. लांडगीण काय आजच्या आज पळून जात न्हाय." मला वाटलं मजुरी मागायला संकोचतोय. पायलीभर ज्वारी दिली. त्यानं घेतली नाही.

गुरुवार, ३ जानेवारी १९४६. येळवस (वेळ अमावास्या)

अक्षर वाईट येतंय.

सकाळीच शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीची कढई आणि ताकातल्या अंबिलीचं मडकं घेऊन गाडीनं रानात गेलो. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव. नैवेद्य दाखवला, पिकावर अंबील शिंपडली. आज गावात कुणी नसतं, सगळी माणसं रानोमाळ. ह्यांनी रायफल घेतली होती. मी म्हटलं, "सणाचं कशाला?"

"माणसांच्या गलक्यानं ती ओढ्यातून उठंल."

जेवणं झाली. ऊन कलंडलं. सासूबाई कोपीत आडव्या झाल्या. मी भांडी घेऊन ओढ्याकडच्या बांधावर गेले तर हे तिथं गुडघा टेकून बसलेले, रायफल बाभळीच्या फांदीवर, डोळा दुर्बिणीला. माझ्याकडं न बघता पुटपुटले, "गप. दिसली. करडी. खाली बसलीय."

मी नळीच्या रोखानं पाहिलं. दीडशे पावलांवर हरभऱ्याच्या कडेला बिराप्पाची लेक अयोध्या बसली होती. डोक्यावरून करडी घोंगडी, हरभऱ्याचे शेंडे खुडत होती. घोंगडीच्या आत, पाठीशी, ती गाल फाटलेली पोरगी.

मी नळी धरली. दोन्ही हातांनी धरली आणि वर उचलली.

"अयोध्या आहे," मी म्हटलं.

ते मागं सरकले. मग हसले. "मला काय दिसत न्हाय व्हय? दुर्बीण तपासत होतो. खटक्यावर बोट कुठं होतं माझं?"

बोट खटक्यावर होतं. मी पाहिलं होतं. तरी त्यांनी सांगितलं ते इथं लिहून ठेवते.

अयोध्यानं लांबून हात केला आणि ओरडली, "आक्का, अंबील उरली का वो?"

मी तांब्याभर नेऊन दिली. ती प्यायली, पोरीला पाजली. पोरगी माझ्या बांगड्या ओढत होती.

शुक्रवार, ४ जानेवारी

पूजेला बसले. चिंच, राख, सगळं लावून हात धुतला होता, तरी लिंग तळहातावर घेतलं आणि लोखंडाचा वास आला. वास नसेल, माझं मन असेल. रागावला असशील तर रागाव, देवा, पण काल मी नळी धरली नसती तर आज मी कुठल्या हातानं तुला घेतलं असतं?

हे सकाळी नळदुर्गला तहसिलीत गेले, परवान्याच्या कामाला. मी सोप्यात गेले, खुंटीवरची रायफल काढली. एकदा शिवलेला हात दुसऱ्यांदा शिवला तर दोष दुप्पट होतो का, ते स्वामींना विचारीन. टेप घेतली. उजेड चांगला होता.

दुर्बिणीची नळी: सात सूत. इंच नव्हे, इंचाला एक सूत कमी.
भोकांमधलं अंतर: सव्वातीन इंच.

तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच. मग वहीत एकाखाली एक लिहिलं: पावणेचार, सव्वाचार, सव्वातीन. टेप तीच, रायफल तीच. मोजणारं माणूस तेवढं वेगळं.

दुर्बिणीला डोळा लावला. पहिल्यांदा काही कळेना, मग माळ जवळ आला. बिराप्पाच्या कुत्र्याच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा दिसला. एकेक खिळा मोजता आला असता. धूर कुठंही नव्हता.

दुपारी हे परत आले. उन्हात पायरीवर बसून पाणी मागितलं. मी तांब्या पुढं केला आणि त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तेरा वर्षांत असं थेट, भर उजेडात, कधी पाहिलं नव्हतं; आमच्याकडं तसं कुणी पाहत नाही. उजव्या बाहुलीत ताकाचा थेंब पडल्यासारखं पांढुरकं. डाव्यातही थोडं. तांब्या त्यांच्या हातापासून चार बोटांवर होता. हात तिथंच थांबला होता, मी तो हातात देईन ह्याची वाट बघत.

मी दिला. वहीची मागची पानं चाळली आणि ठेवून दिली. समई, वर्तमानपत्र, सुपारी. सगळं मीच लिहिलं होतं, स्वतःच्या अक्षरात.

मंगळवार, ८ जानेवारी

पेढीचं तिसरं पत्र. आता एकदाच नक्की माप पाठवा, चार आठवड्यांत घडवून देऊ, दोष आमचा नसला तरी पट्टीचे पैसे घेणार नाही. भले लोक आहेत. त्यांना मी काय काय म्हटलं होतं.

हे म्हणाले, "मागचंच माप पाठव, एक सूत इकडं-तिकडं करून बघू. बैठक पक्की बसली की दुसऱ्याच दिवशी माळावर जाईन. बिराप्पाला सांगितलंय."

खरं माप माझ्याकडं आहे. ते पाठवलं तर बैठक बसेल, दुर्बीण पक्की होईल, आणि हे माळावर जातील. माळावर अयोध्या आहे, तिची पोरगी आहे, धनगरांची सगळी बिऱ्हाडं आहेत. खोटं माप पाठवलं तर बैठक पुन्हा माघारी जाईल, रायफल उन्हाळ्यापर्यंत खुंटीवर राहील, आणि कुणाचाही मान जाणार नाही.

मी पत्र लिहिलं. नळी एक इंच, अंतर साडेचार. ह्या हातानं आजवर खोटा आकडा कधी लिहिला नाही, दुधाच्या हिशोबातसुद्धा. आकडा छान वळणदार आला. पत्र पाकिटात घातलं आणि पाकीट घेऊन बसून राहिले.

सासूबाई निवडणं घेऊन शेजारी आल्या. माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाल्या, "कळलं व्हय तुला?"

"तुम्हाला ठाऊक होतं, आत्याबाई?"

"दिवाळीपास्नं. माझ्या पोराचं चालणं मला कळंना व्हय? त्याच्या बापाचंबी असंच झालतं. शेवटली दोन वर्सं दिसतच न्हवतं. रायफल खांद्याला लावून जायचे, ओढ्यात पिंपरणीखाली बसायचे आन् दिवस मावळायला परत यायचे. म्या रोज गोळ्या मोजून ठेवायची. एकबी कमी न्हाय."

"लोक म्हणतात कधी चुकली नाही."

"झाडलीच न्हाय तर चुकंल कशी?" सासूबाई हसल्या, आणि मग पदरानं डोळे पुसले. "गावात कुणाला कळलं न्हाय. म्या मिरवलं त्यांना तसंच, जायच्या दिवसापतूर."

"मग मीही गोळ्या मोजू का?"

त्यांनी सुपातला खडा काढून अंगणात टाकला. "मला लिवता येत न्हवतं गं. म्हणून म्या मोजत बसले."

पाकीट अजून टपालात टाकलेलं नाही.

रविवार, १३ जानेवारी. भोगी

पाकीट चुलीत टाकलं. दुपारी हे भिंतीला टेकून बसले तेव्हा मी वर्तमानपत्र उघडलंच नाही.

"वाच की."

"आज माप सांगते," मी म्हटलं. "नळी सात सूत. अंतर सव्वातीन."

"कुणी घेतलं?"

"मी."

"रायफलीला हात लावलास?"

"येळवशीलाच लावला होता."

ते बराच वेळ भिंतीवरच्या पालीकडं पाहिल्यासारखं करत होते. पाल तिथं नव्हती, केव्हाच गेली होती. मग म्हणाले, "अंगठ्यानं चाचपून मोजत होतो, त्याला इंचच लागत होता."

"कधीपासून?"

"उजवा मागच्या शिमग्यापास्नं. डावा पावसाळ्यात."

"सांगायचं की नाही मला?"

"काय सांगू? बिराप्पाच्या नातीचा गाल फाटला त्या दिवशी, की पाटलाला दिसत न्हाय? सगळा गाव दारात उभा. त्या तीन गोळ्या म्या कुत्र्यांच्या भुंकण्यावर झाडल्या." हात गुडघ्यावर ठेवून ते थांबले. "येळवशीला लई खात्री वाटली होती. लई. करडी दिसली म्हणजे तीच. तू नसतीस तर."

सासूबाई आतून म्हणाल्या, "सोलापुरात डोळ्यातला मोती काढतेत म्हणं. शेजारच्या शांताक्काच्या भावाचा काढला. आता सुईत दोरा ववतो तो."

"आई, सुईत दोरा मला कशाला ववायचाय?"

"मग टेप तरी वाचशील."

ह्यावर हे हसले, पण हसू मधेच थांबलं. "रायफलीचं काय? बिराप्पा किती दिवस थांबंल?"

मी म्हटलं, "परवान्यावर श्रीमंतचं नाव चढवता येतं. तुम्हीच तहसिलीत दरखास्त द्यायची. खरं माप पुण्याला उद्याच पाठवते. बैठक महिन्यात येईल."

"श्रीमंतच्या हातात बापाची रायफल. लोक काय म्हणतील?"

"येळवशीला श्रीमंतनं बांधलेली तारच होती की तिच्यावर," सासूबाई म्हणाल्या. "कोण काय म्हणलं?"

हे उठले, कोनाड्यातल्या गोळ्यांच्या डबीपर्यंत गेले. बरोबर गेले, घरातलं सगळं त्यांना पाठ आहे. डबी माझ्या पुढ्यात ठेवली. "एक गोष्ट," म्हणाले. "टेबलावर घेताना गळ्यातलं लिंग काढायला लावतेत म्हणं डॉक्टर. म्या काढणार न्हाय. दिसलं न्हाय तरी चालंल." त्यांचा आवाज दरखास्त लिहिणाऱ्यासारखा होता, पण हात माझ्या खांद्यावर होता.

सोमवार, १४ जानेवारी. संक्रांत

पुण्याच्या पेढीला खरं माप पाठवलं, क्षमाही मागितली. श्रीमंत सकाळी तिळगूळ घ्यायला आला तेव्हा ह्यांनी स्वतः त्याला सांगितलं. त्यानं कुठंही आश्चर्य दाखवलं नाही, तेवढ्यासाठी त्याला दोन लाडू जास्त दिले. बिराप्पाही होता. "महिनाभर कुत्री मोकळी ठेवताव पाटील, तुमी डोळं करून या," म्हणाला. ह्यांनी मान हलवली.

ईरण्णाला लिहिलेल्या पत्राची नक्कल ठेवते. लिहून झाल्यावर ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्या नावाखाली सही त्यांनी स्वतः केली, माझ्या बोटाच्या शेजारून.

चि. ईरण्णास अनेक आशीर्वाद. तिळगूळ वेगळा पाठवते, पोरांना दे, दोघांना सारखा वाट.

दुर्बीण अगदी चांगली आहे. मी स्वतः पाहिली. तू फसला नाहीस. चूक मापात होती आणि मापाची चूक डोळ्यांची होती. तुझ्या दाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोती आहे, उजव्यात जास्त. त्यांना हे पत्र ठाऊक आहे.

सोलापुरात डोळ्याचे शस्त्रकाम करणारे डॉक्टर कुठं आणि कोणत्या वारी बसतात, दोन्ही डोळे एकदम करतात की एकेक, किती दिवस राहावं लागतं, ते विचार. खर्च विचार, पण तो शेवटी विचार. सगळ्यात आधी हे विचार की शस्त्रकामाच्या वेळी गळ्यातलं इष्टलिंग अंगावर राहू देतील का. वाटल्यास शिवदोऱ्यासकट दंडाला बांधू, पांढऱ्या फडक्यात गुंडाळू, ते सांगतील तसं करू, पण अंगावेगळं होणार नाही. नाही म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांना विचार, तेही नाही म्हणाले तर तिसऱ्यांना.

मोटारीचा दिवस आम्ही तुझ्या पत्रावर ठरवू. ते पत्र मी त्यांना जसंच्या तसं मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, एकही ओळ गाळणार नाही. म्हणून माझ्या भीतीकडं बघून काही गोड करू नकोस. डॉक्टर जे म्हणतील ते शब्दाला शब्द लिही, आणि उलट टपाली कळव.

तुझी ताई,
शिवकांता